रोमन वास

गुरुप्रसादने मडक्याचं तोंड उघडलं आणि ओट्याखालचं मांजर पळालं. मिरकरवाड्याच्या जेटीवर वाढलेलं मांजर ते. मासळीच्या वासाला भिऊन पळालं, म्हणजे काय ते समजा. नम्रताने पदर नाकाला लावला.

"कसा आलाय वास?" त्याने बायकोला विचारलं.

"रोमन," ती म्हणाली.

त्याला हायसं वाटलं. त्याला स्वतःला काडीचा वास येत नव्हता.

एकेकाळी त्याच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं खायला लोक लांज्याहून यायचे. मग श्रावणात ताप आला. चार दिवसांनी ताप गेला तो जाताना नाक घेऊन गेला, जीभही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, कदाचित येणारही नाही. खानावळीच्या दारावर 'रंगकाम चालू आहे' अशी पाटी लागली. रंगाचा एक डबा आत जाताना कुणी पाहिला नाही, पण माणसं भली, विचारलं नाही. वास न येणाऱ्या आचाऱ्याच्या हातचं जेवणार कोण? खरं काय ते एकट्या नम्रताला ठाऊक होतं.

हाताची सवय मोडू नये म्हणून घरचं जेवण तोच रांधायचा आणि तिला चव विचारायचा. पहिल्या दिवशी तिने सरळ सांगितलं, कालवण खारट झालंय. गडी भिंतीकडे तोंड करून बसला, आठवडाभर चुलीकडे फिरकला नाही. तेव्हापासून ती रोज "फर्मास" म्हणायची, ताट पुसून खायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. यंदा उकाडा फार, म्हणायची. पौषातसुद्धा.

अशात कॉलेजात इतिहास शिकवणारे विनीत सर आले. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन जेवायचे तसं जेवण करायचं, तसल्याच भांड्यांत, असं त्यांच्या डोक्यात होतं. गुरुप्रसाद चहा निवायच्या आत हो म्हणाला. तिखल्यात चूक झाली तर रत्नागिरीतलं शेंबडं पोरही ओळखेल. रोमन जेवणातली चूक कोण ओळखणार? रोमन काही उठून यायचे नव्हते. हे जेवण पार पडलं तर पाटी काढायची, असं त्याने मनाशी ठरवलं.

सरांनी कुंभाराला चित्रं दाखवून भांडी घडवून घेतली. वाटणासाठी आतून खरखरीत मातीचं कुंडं. बुडाशी टोकदार मडकं, चुंबळीवर ठेवलं तरी कलंडणारं. मग सरांनी सांगितलं, मिरची नाही, टोमॅटो नाही, नारळ नाही, कोकम नाही. मग ते बिचारे जेवायचे काय, असं नम्रताने विचारलंच. मिरी आणि हिंग चालणार होतं. मसुरात तिकडच्या चेस्टनटऐवजी साठवणीतल्या फणसाच्या आठळ्या पडल्या. आणि मासळीवर ओतायला माशांचं आंबवलेलं पाणी हवं होतं. त्यासाठी तारल्या मिठात घालून महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवल्या. मीठ मात्र गुरुप्रसादने अगदी जपून घातलं. ते खारट कालवण त्याच्या मनातून गेलं नव्हतं. मसुरात मीठ पडलं ते रोजच्या अंदाजाने, नम्रता फर्मास म्हणायची तेवढं.

रविवारी दुपारी खानावळीत पंगत बसली. सर, त्यांचे कॉलेजातले मित्र आणि आत्माराम. हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. वर्षानुवर्षं इथे जेवला आणि रोज काहीतरी नाव ठेवून उठला. त्याच्या जिभेला गुरुप्रसाद जेवढा घाबरायचा तेवढा आयकरवाल्यांनाही घाबरत नसे.

मसूर वाढले. आत्मारामने घास घेतला, थांबला आणि पेलाभर पाणी प्याला. सर डोळे मिटून म्हणाले, थेट रोममध्ये गेल्यासारखं वाटतंय. मित्रांनी माना डोलावल्या. आत्मारामने सगळ्यांची तोंडं पाहिली, अजून एक पेला पाणी घेतलं आणि म्हणाला, असेल बुवा, तिकडे असंच असेल.

आत्मारामने नाव ठेवलं नाही! गुरुप्रसाद तरंगायलाच लागला. तापलेल्या परातीत मधात परतलेली सुरमई घेऊन तो स्वतः आला आणि सुरईतलं ते माशांचं पाणी त्याने सगळ्यांच्या देखत वर ओतलं. चर्र झालं. वाफ थेट त्याच्या तोंडावर आली.

तो थबकला. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग मोरीकडे.

"उंदीर मेलाय काय कुठे?"

सगळे सुरमईकडे बघत होते. गुरुप्रसादने सुरई नाकाशी नेली. त्याला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यासकट तो हसायला लागला.

"कुणी हात लावू नका. सडलंय हे. पार सडलंय!"

घरात पोर जन्मल्यासारखं सांगत होता. नम्रताच्या हातातला डाव खाली पडला. सर म्हणू लागले की रोमन लोकांचंसुद्धा असंच असावं. गुरुप्रसाद म्हणाला, रोमन असो की राजापुरी, सडलं ते सडलं. त्याने हिंगाची डबी हुंगली, मिरी हुंगली, सरांचा घामेजलेला खांदासुद्धा हुंगला. मग आत्मारामच्याच ताटातले मसूर चिमटीने उचलून तोंडात टाकले आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मीठ! नुसतं मीठ, आणि खालून करपलेले. आत्मारामने सुटकेचा निःश्वास टाकला. मघापासून त्याला वाटत होतं, आपलीच जीभ गेली.

सगळी पंगत हसत होती. नम्रता हसत होती, रडत होती आणि नवऱ्याच्या तोंडाची खारट चव जावी म्हणून त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरून उभी होती. गुरुप्रसादने तांब्या घेतला. घटाघटा प्याला. अर्ध्यावर थांबला आणि तांब्याकडे बघत राहिला.

"अगो," तो हळूच म्हणाला, "हे असलं तू रोज जेवत होतीस?"