सोनेरी दुलई

सून सरकारी कारखान्यात अवकाशयानाची दुलई शिवायची; वर यान गारठू नये म्हणून. सातव्या महिन्यात झालेली तिची लेक मात्र सरकारी दवाखान्यात गारठून दगावली. ऊब द्यायची पेटी एकच, आणि तिच्यात आधीच दोन बाळं होती.

पंधराव्या दिवशी सून कामाला निघाली, तशी सासू दार अडवून कडाडली, "ओली बाळंतीण तू, निघालीस कुठं? त्या पत्र्याच्या डबड्याला सोनेरी दुलई आणि माझ्या नातीला फाटका टॉवेल! कुणाचं भलं होणार आहे गं त्यानं?"

"मला नाही ठाऊक, आई. पण घरात हातांत धरायला काहीच नाही."

सासू दारातून बाजूला झाली.