जेवणानंतरचा डाव

सकाळी सानिकाताईंच्या मेंदूतली चिप अपडेट झाली आणि त्यांचा लाडका विटांचा खेळ बिघडला. डोळे मिटले, की विटा गारांसारख्या कोसळत. नवी प्रणाली थेट मेंदूच्या वेगाने चालत होती, आणि खेळ बनवलेला जुन्या, संथ कॉम्प्युटरसाठी.

दुपारी मैत्रिणीशी, रेवतीशी, सामना होता. कॉलेजपासून रेवतीच्या वाढदिवसाला दोघी एक डाव खेळत, आणि गेली कित्येक वर्षं रेवतीच जिंकत आली होती.

"कंपनी म्हणते, जुनी प्रणाली आता मिळणार नाही," ताईंचा नवरा मिहिर म्हणाला. "मेंदूच मंद करता आला तर बघ!"

तो थट्टा करत होता, पण ताई तडक स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी श्रीखंड-पुरीवर यथेच्छ ताव मारला आणि पंखा लावून आडव्या झाल्या. डोळ्यांवर झापड आली, तशा विटा पिसांसारख्या अलगद उतरू लागल्या. ताईंनी एकेक ओळ निवांत जुळवली.

"अगं, जिंकलीस कशी तू?" रेवती कानात किंचाळली. "माझीही चिप सकाळीच अपडेट झाली, मला तर विटा दिसतसुद्धा नव्हत्या!"

"काय जेवलीस?"

"नुसती कोशिंबीर."

"मग पुढच्या वर्षी माझ्याकडेच जेवायला ये," ताई जांभई देत म्हणाल्या.