जर-तरचा तक्ता

सरांनी माउसला हात घातला आणि ठकू खुर्चीतून अर्धी उठली.

कॉम्प्युटरच्या खोलीत आज पालकांना बोलावलं होतं. मुलं तक्ते करून डोकं कसं चालवतात, ते त्यांना दाखवायचं होतं. एक प्रश्न घ्यायचा, चौकटींत त्याचं जर-तर मांडायचं, आणि एक आकडा बदलला की बाकीचे कसे पळापळ करतात ते बघायचं. ठकूने कुंड्यांचा तक्ता केला होता. ऊन वाढलं तर पाणी किती लागेल, पाणी कमी पडलं तर कुठली कुंडी आधी सावलीत न्यायची. अगदी गुणी तक्ता. आईबाबांना भांडायला त्यात काही म्हणता काही नव्हतं.

आणि आईबाबा दोघंही आले होते! बाबा काकांकडे राहायला गेल्यापासून दोघं एका खोलीत पहिल्यांदाच. ठकूने दोघांना एकच वेळ सांगितली होती आणि दुसरं कोण येणार ते दोघांनाही सांगितलं नव्हतं. आता दोघं शेजारी-शेजारी बसले होते. आईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती, बाबांचा किल्ल्यांशी चाळा चालला होता.

"छान हं," आई कुंड्या बघून म्हणाली.

"झकास," बाबा म्हणाले.

एवढ्यावर आटोपलं असतं तर काय हवं होतं! पण सरांना कुठला दम निघायला? तक्त्याच्या तळाशी त्यांना दुसऱ्या पानाची पट्टी दिसली.

"अगं, खाली अजून एक पान आहे की तुझं!"

"ते कच्चं आहे, सर. ते नका..."

"कच्चंच तर बघायचं असतं!" आणि सरांनी दाबलंसुद्धा.

पान उघडलं. वर प्रश्न लिहिला होता : रात्री ताटं किती घ्यायची? त्याखाली तीन चौकटी होत्या आणि तिन्हींत आकड्याच्या जागी चुकीची खूण.

सर खूशच झाले. "ही बघा गंमत! कॉम्प्युटर का अडला असेल?" ते मोठ्याने वाचायला लागले. आवाज सगळ्या खोलीला पुरून उरणारा. "'बाबा येणार का? आईने बोलावलं तर एक, नाहीतर शून्य.' बरं. 'आई बोलावणार का? बाबा आपणहून आले तर एक...'"

इथे सरांचा आवाज खाली आला. "नाहीतर शून्य," एवढं त्यांनी जवळजवळ स्वतःशीच म्हटलं. तिसरी चौकट त्यांनी वाचलीच नाही. ताटं दोन, अधिक बाबा. ती न वाचताही दिसत होती.

संपलं, ठकूला वाटलं. आता आई उठणार, मग बाबा उठणार, आणि सगळं आपल्यामुळे. मेलं हे पान वेळेवर पुसून टाकायचं कसं सुचलं नाही आपल्याला! ती मान खाली घालून बुटाच्या नाडीकडे बघत बसली. कान नुसते तापले होते.

उठलं मात्र कोणीच नाही.

"मग असं झालं की काय करतात?" आईने विचारलं. सरांना, बाबांकडे न बघता.

सरांनी घसा साफ केला. "या दोन चौकटी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्यात. कुठल्यातरी एकीतलं सूत्र काढून टाकायचं. तिथे जर नाही, तर नाही. सरळ हाताने आकडा लिहायचा. मग बाकीचं आपोआप सुटतं."

"कुठल्या एकीतलं?" बाबांनी विचारलं.

"ते कॉम्प्युटर नाही सांगत," सर म्हणाले आणि पलीकडून कोणीतरी हाक मारल्यासारखे निघून गेले. हाक कोणीच मारली नव्हती.

बाबांनी माउस ओढला. ठकूने मान वर केली. पडद्यावरचा बाण हळूहळू सरकत गेला आणि थेट आईच्या चौकटीवर जाऊन बसला.

"ती माझी आहे," आई म्हणाली. "तुझी वरची."

आवाज मोठा नव्हता, पण ठकूला हा आवाज चांगला ठाऊक होता. घरी याच्या पाठोपाठ दार आपटायचं. तिने खुर्चीची कड घट्ट धरली. देवा, आत्ता नको. इथे तरी नको.

बाण एक ओळ वर गेला. बाबांनी बटण दाबलं. सूत्र पुसलं गेलं आणि चौकट कोरी झाली. बाबांचं बोट एकाच्या आकड्यावर येऊन टेकलं. आईही तिकडेच बघत होती, ठकूने हळूच पाहून घेतलं. दाब ना, दाब ना, दाब ना.

बाबांनी बोट मागे घेतलं.

"विचार करून लिहितो," ते म्हणाले. "घाई काय आहे? सध्या राहू दे कोरीच."

आईने पर्सची चेन ओढली आणि ती उठली.

"बाबा, नाही!" ठकूचा आवाज चिरकला. पुढच्या बाकावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं. तिने पडद्यावर बोट ठेवलं. ताटांच्या चौकटीतली चुकीची खूण गेली होती आणि तिथे दोनचा आकडा आला होता.

"कोरी ठेवली ना, की ते शून्यच धरतं."