भोंग्यातला आवाज

"औषध अगदी सुरक्षित आहे, बिनधास्त घ्या!" भोंग्यावरून ओरडत आरोग्यखात्याचा ड्रायव्हर गल्लीत शिरला आणि खिडक्या धडाधड लागल्या. मागच्या साथीतही सरकारने घाईघाईत औषध मंजूर केलं, तेव्हाही भोंग्यावर हाच होता. माणसं दगावली, साहेबांनी हात वर केले, लोकांच्या लक्षात राहिला तो याचा आवाज. "आता कुणाचा जीव घ्यायचाय रे?" म्हणत भाजीवाल्याने चप्पल भिरकावली. ड्रायव्हर गाडी वळवून घरी आला. लेक तापाने फणफणली होती. या खेपेचं औषध खरंच लागू पडत होतं. उठून बसलेले रोगी त्याने स्वतः पाहिले होते. त्याने खिशातून बाटली काढली. "माझी बहीण याच थापेने गेली!" बायको कडाडली. "अगं," तो कळवळला, "औषध अगदी सुरक्षित आहे, बिनधास्त दे!" आवाज नेमका भोंग्यातला लागला. बायकोने बाटली हिसकावून मोरीत उपडी केली.