गार पडलेला पाइप

"राहायला ये," हे थोरल्या भावाचं पत्र महिनाभर माझ्याकडे उत्तराविना पडून होतं. वर्षानुवर्षांच्या अबोल्यानंतर एकदम एकत्र राहिलो, तर पुन्हा भांडू, ही भीती.

आज वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वाफेचा पाइप धाडधाड आदळू लागला. स्वयंपाकीण सखूबाईंनी घाबरून व्हॉल्व्ह बंद केला. मी, तिथला ग्रंथपाल, चाचरत म्हणालो, "गार पाइपात वाफेचं पाणी होऊन साचलंय. आधी ते काढा, मग वाफ हळूहळू सोडा. पुस्तकात तरी तसं आहे."

"मग पुस्तकवाले भाऊ, इथंच उभे राहा. फुटला तर दोघंही भाजू!"

त्यांनी खालच्या तोटीतून पाणी काढलं, मग व्हॉल्व्ह जरा जरा फिरवला. पाइप मुकाट तापत गेला.

संध्याकाळी मी लिहिलं, "दादा, रविवारी नुसता चहाला येतो," आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.