खेकड्याने केलेलं लॉगआउट

"शमीमबाई, तुमचा विश्वास बसणार नाही, पण आज माझं लॉगिन खेकड्याने तोडलं," दत्ताराम घाग पडद्याकडे बघत म्हणाले.

लातूरच्या कार्यालयात शमीम तांबोळींनी चष्मा वर सरकवला. "सकाळी घोरपड होती. आता खेकडा?"

यंत्रं चेहरा, आवाज, अंगठा, सगळ्याची हुबेहूब नक्कल करू लागल्यापासून खात्याने पासवर्ड मोडीत काढले होते. माणसाची बोलण्याची तऱ्हा तेवढी त्यांना जमत नव्हती. म्हणून दुसऱ्या कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाने थोडं बोलून बघायचं आणि 'हेच ते' असं बटण दाबायचं. बटण दाबलं की लॉगिन होई, आणि समोरचा माणूस पडद्यावरून नाहीसा होई.

घाटमाथ्यावरच्या धरणाच्या कार्यालयात घाग एकटेच उरले होते. पाणी उपकरणं मोजत, दरवाजे आपोआप उघडत. घागांशी दिवसभरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

"साधा खेकडा नव्हे हो. परातीएवढा. टेबलावर चढला, नांगी उगारली आणि बरोबर लॉगआउटच्याच बटणावर…"

"ओळख पटली, काका. दाबते."

"थांबा, थांबा. त्याच्या मिशा राहिल्या सांगायच्या."

शमीमबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मागच्या सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. त्यांनी बटणावरचं बोट उचललं.

"घागकाका, खोटं बोलताय. प्रत्येक वेळी लॉगआउट तुम्ही स्वतःच करता, मला इथे दिसतं. हं, मिशांचं सांगा आता."