सोमवारचं सेटिंग

"अर्धा तास तुम्ही चकार शब्द काढायचा नाही," असं कामगारांच्या बैठकीसाठी कारखान्यात बोलावलेल्या प्रशिक्षक बाईंनी बजावलं, तेव्हा घाटगे मालक हसले होते. आता वीस मिनिटांतच त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली होती.

फळ्यावर एकच प्रश्न होता: दर सोमवारी पहिल्या दोनशे पिना भंगारात का जातात? समोरच्या सात कामगारांनी विजेपासून कच्च्या मालापर्यंत सगळ्याला दोष दिला होता, आणि प्रत्येकानं मालकांकडे बघून नजर खाली घातली होती. मोठं गिऱ्हाईक सुटायची वेळ आली, तरी यांना काही सुचत नव्हतं! मालकांनी खिशातला पाना आवळला. याच पान्यावर त्यांनी कारखाना उभारला होता. अजूनही सोमवारी उदबत्ती लावून मशीनचं सेटिंग ते स्वतःच करत.

तपासणीवरची मालन उठली. "मालक, सोमवारी सेटिंग तुम्ही करता. तुमचा हात थरथरतो आता."

मालक ताडकन उभे राहिले. बाईंनी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. अजून सहा मिनिटं होती.

तेवढ्यात सगळ्यात जुना कारागीर बोलला, "दोन वर्षं झाली, मालक. तुम्ही ऑफिसात गेलात की आम्ही पुन्हा सेटिंग करून घेतो. तोवर दोनशे पिना वाया गेलेल्या असतात. पण तुमच्या देखत त्याला हात कोण लावणार?"

मालकांनी पाना काढून त्याच्यापुढे ठेवला. ठेवताना तो टेबलावर खडखडला, आणि या वेळी कुणीच नजर खाली घातली नाही.